वार : मातीत पुरण्यापासून कॅप्सूलपर्यंत

(१)
गेल्या पंधरा-वीस वर्षांत अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या देशांत बाळंतिणींसाठी एक नवा व्यवसाय उभा राहिला आहे. प्रसूतीनंतर पडलेली वार घरी न्यायची, वाफवून वाळवायची, दळून तिची भुकटी कॅप्सूलमध्ये भरायची आणि त्या कॅप्सूल आईने पुढचे काही आठवडे घ्यायच्या. दूध वाढते, रक्त भरून येते, बाळंतपणानंतरचे नैराश्य टळते, असा विक्रेत्यांचा दावा असतो. त्याच्या जोडीला आणखी एक वाक्य हमखास असते : ‘ही हजारो वर्षांची परंपरा आहे.’ या शेवटच्या वाक्याचा हा शोध.

(२)
वार हा माणसाच्या शरीरातील विलक्षण अवयव आहे. तो काही महिन्यांपुरता तयार होतो, काम संपले की बाहेर पडतो. गर्भाशयाच्या भिंतीला चिकटून तो नाळेवाटे बाळाला प्राणवायू आणि अन्नरस पुरवतो, शिवाय अनेक संप्रेरकेही निर्माण करतो. पूर्ण दिवसांच्या बाळंतपणात त्याचे वजन साधारण अर्धा किलो भरते. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याला ‘अपरा’ म्हटले आहे.

(३)
इतक्या महत्त्वाच्या अवयवाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक समाजापुढे आला. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या भाषेत ‘फेनुआ’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत : जमीन आणि वार. बाळाची वार कुळाच्या जमिनीत पुरली, की ते मूल त्या भूमीचे झाले. विसाव्या शतकात बाळंतपणे रुग्णालयांत गेली आणि वार कचऱ्याबरोबर जाळली जाऊ लागली. ती परत मिळावी यासाठी माओरी कुटुंबांनी आग्रह धरला. आज तेथील रुग्णालये ती कुटुंबाच्या स्वाधीन करतात.

(४)
जावा बेटावर वार मडक्यात घालून घराजवळ पुरतात. हे काम बापाचे. त्या जागेवर काही दिवस दिवा तेवत ठेवतात. बाली बेटावर ती नारळाच्या करवंटीत ठेवून पुरण्याची रीत आहे. तेथील श्रद्धेनुसार वार हे बाळाचे भावंडच असते. ते बाळाबरोबर जन्माला येते आणि आयुष्यभर त्याची पाठराखण करते.

(५)
कोरियाच्या जोसेऑन राजवंशाने तर वारेसाठी स्मारके उभारली. राजपुत्राची वार अनेकदा धुऊन एका बरणीत, ती बरणी दुसऱ्या बरणीत ठेवून शुभ मानलेल्या डोंगरावर दगडी कोठीत पुरली जाई. राजा सेजोंग (कारकीर्द १४१८ ते १४५०) याचे अठरा पुत्र आणि एक नातू यांच्या वारेच्या अशा एकोणीस समाध्या सोंगजू येथे आजही पाहायला मिळतात. जपानी राजवटीत देशभरातल्या अशा चौपन्न समाध्यांतील अवशेष उकरून सोलजवळ एकाच जागी आणून ठेवले गेले. जिंकलेल्या राजघराण्याची मुळे उपटण्याचाच हा प्रकार होता, असे कोरियन लोक मानतात.

(६)
महाराष्ट्रालाही ही रीत परकी नाही. ‘माझी नाळ इथेच पुरली आहे’ असे मराठी माणूस आपल्या गावाबद्दल बोलतो, तेव्हा त्या वाक्प्रचारामागे एक खरी कृती उभी असते. घरी बाळंतपण झाले, की सुईण वार आणि नाळ घराच्या आवारात खड्डा करून पुरत असे. कुत्र्या-मांजरांनी ती उकरू नये, याची काळजी घेतली जाई. शब्द राहिला, कृती बहुतेक ठिकाणी विसरली गेली.

(७)
पुरणे, पाण्यात सोडणे, झाडावर टांगणे, जाळणे : रीती अनेक. पण आईने ती खाण्याचे काय? अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रज्ञ शॅरन यंग आणि डॅनियल बेनिशेक यांनी जगभरातील १७९ समाजांच्या नोंदी तपासून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. बाळंतिणीने स्वतःची वार खाणे ही रूढ प्रथा असलेला एकही समाज त्यांना आढळला नाही. इतक्या विविध चालीरीतींच्या जगात हा नकार लक्षणीय आहे.

(८)
यावर विक्रेते प्राण्यांचे उदाहरण देतात. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या माद्या व्याल्यावर वार खातात, हे खरे आहे. देवमासे, सील, उंट आणि माणूस हे ठळक अपवाद. मार्क क्रिस्टल या शास्त्रज्ञाने उंदरांवर अनेक वर्षे प्रयोग केले. व्याल्यावर खाल्लेली वार आणि गर्भजल यांमुळे मादीच्या शरीरातील नैसर्गिक वेदनाशमन वाढते, असे त्यात दिसले. पण उंदरी वार कच्ची आणि त्याच क्षणी खाते. वाफवून, वाळवून आठवड्यांनी घेतलेल्या भुकटीला तो निष्कर्ष लावता येत नाही.

(९)
दुसरा आधार चीनचा. चिनी वैद्यकात वाळवलेल्या वारेला ‘झ-ह-छ’, म्हणजे ‘जांभळ्या नदीचा रथ’ असे काव्यमय नाव आहे. ली शिझेन या वैद्याने १५७८ मध्ये पूर्ण केलेल्या ‘बेन्साव गांगमू’ या विख्यात औषधकोशात तिची नोंद आहे. मात्र ती मुख्यतः क्षीणता आणि दीर्घ आजार यांवरचे औषध होती. देणारी बाई एक आणि घेणारा रुग्ण दुसरा, असाच तिचा बहुधा प्रवास असे. प्रत्येक बाळंतिणीने स्वतःची वार घ्यावी, असा रिवाज यातून सिद्ध होत नाही.

(१०)
आधुनिक चीननेही या औषधापासून अंतर राखले. वार ही प्रसूत झालेल्या स्त्रीच्या मालकीची असून तिची खरेदी-विक्री करता येणार नाही, असे तेथील आरोग्य मंत्रालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले. २०१५ च्या अधिकृत औषधसंहितेतून ती वगळण्यात आली. चिनी बाळंतिणीची खरी परंपरा वेगळी आहे. तिला ‘झ्वो युएझ’, म्हणजे ‘महिनाभर बसणे’ म्हणतात. विश्रांती, उबदार खोली, आले घातलेले गरम अन्न आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईची देखरेख हा त्या परंपरेचा गाभा.

(११)
भारतीय ग्रंथांत काय दिसते? चरकसंहितेच्या शारीरस्थानात अपरा लवकर पडावी म्हणून उपाय सांगितले आहेत. त्यांपैकी एक म्हणजे केसांच्या वेणीने बाळंतिणीचा घसा आणि टाळू चोळणे. उबळ आली की पोटावर दाब येतो, हा त्यामागचा विचार. पुढे सूतिकेला पिंपळी, सुंठ इत्यादी घालून तूप किंवा तेल द्यावे, पोटाला तेल-तूप लावून मोठे वस्त्र गुंडाळावे, पातळ पेज द्यावी, असे सांगितले आहे. अपरा खाण्यास मात्र सांगितलेले नाही.

(१२)
ही काळजी महाराष्ट्राच्या घराघरांत टिकली. महिना-सव्वा महिना बाळंतिणीची वेगळी खोली, तेलाने मालीश, शेक-शेगडी, ओव्या-शेपेची धुरी, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, अळिवाची खीर, पाचवीचे पूजन, सटवाईची रात्र. माहेरी आलेल्या लेकीला या काळात केरवारा आणि स्वयंपाक यांतून सुटका मिळे. वर्षभर कामात जुंपलेल्या कितीतरी बायकांना आयुष्यात खरी विश्रांती मिळाली, ती एवढीच.

(१३)
तरी हे चित्र गोड रंगवून भागणार नाही. त्याच खोलीत वारा आणि उजेड नसे, शेगडीचा धूर कोंडे. अनेक घरांत पहिला चीक बाळाला न पाजता टाकून देत. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्याने धनुर्वात होई, सूतिकाज्वराने आया दगावत. सोयरामुळे बाळंतिणीला शिवायचे नाही, आणि शिवणारी सुईण बहुधा जातीने खालची मानलेली : काळजीतही विषमता होतीच.

(१४)
आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहाच दिवस जगला. हे दुःख त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या निश्चयामागे होते. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’. जुने ज्ञान आणि नवे वैद्यक यांना एकमेकांसमोर ठेवून पाहण्याची गरज या मराठी स्त्रीला तेव्हाच जाणवली होती. पुढच्याच वर्षी क्षयाने त्यांचे निधन झाले.

(१५)
आनंदीबाई शिकल्या त्या अमेरिकेतच पुढे सर्वांत मोठा बदल घडला. १९०० साली तेथे शंभरांतील पाच बाळंतपणेही रुग्णालयात होत नव्हती. १९४० पर्यंत निम्म्याहून अधिक आणि १९६९ पर्यंत ९९ टक्के बाळंतपणे रुग्णालयात होऊ लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी दर हजार जन्मांमागे सहा ते नऊ माता दगावत. सल्फा औषधे, पेनिसिलीन आणि रक्त देण्याची सोय यांमुळे १९३० च्या दशकानंतर हे प्रमाण झपाट्याने घटले. हा लाभ निर्विवाद आहे.

(१६)
पण त्याची किंमतही होती. गुंगीची औषधे देऊन स्त्रीला अर्धवट शुद्धीत प्रसूत करणे, पतीला बाहेर ठेवणे, बाळ आईपासून वेगळ्या खोलीत नेणे हे नित्याचे झाले. वार तर तिला न दाखवताच जाई. शेजारणी आणि सुईण यांचे जाळे तुटले. काही दिवसांनी स्त्री बाळाला घेऊन घरी येई, ती बहुतेकदा एकटीच.

(१७)
या व्यवस्थेविरुद्ध १९७० च्या दशकात बंड झाले. घरीच प्रसूत व्हायचे, आपल्या शरीराचा ताबा आपल्याकडे घ्यायचा, असे म्हणणाऱ्या तरुण स्त्रियांची चळवळ कॅलिफोर्नियासारख्या भागांत उभी राहिली. वार शिजवून खाल्ल्याच्या आधुनिक पाश्चात्त्य नोंदी याच काळात मिळू लागतात. रुग्णालयाने कचरा ठरवलेली वस्तू स्वतःची म्हणून परत घेणे, हा त्या कृतीचा अर्थ होता. चिनी औषधाचा आधार तिला नंतर जोडला गेला आणि एकविसाव्या शतकात तिची कॅप्सूल झाली. ‘हजारो वर्षांची’ परंपरा मोजली, तर जेमतेम पन्नास वर्षांची भरते.

(१८)
परंपरा नवी असली, तरी उपाय गुणकारी असू शकतो. म्हणून प्रयोग पाहिले पाहिजेत. वारेच्या भुकटीने दूध वाढते का, याचे काही अभ्यास १९१८ आणि १९५४ साली प्रसिद्ध झाले, त्यांत अनुकूल निष्कर्ष होते. पण आजच्या कसोट्यांवर ते उतरत नाहीत. पुढे वर उल्लेखलेल्या नेवाडा विद्यापीठाच्या गटानेच काटेकोर प्रयोग केला. २७ स्त्रियांपैकी काहींना वारेच्या आणि काहींना गोमांसाच्या भुकटीच्या कॅप्सूल दिल्या. कोणाला काय मिळाले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मनःस्थिती आणि थकवा यांत दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. लोहाच्या प्रमाणातही वेगळ्या चाचणीत तसा फरक आढळला नाही. प्रयोग लहान होता, पण मोठ्या दाव्यांना आधार देणारा नव्हता.

(१९)
धोका मात्र दिसला. २०१६ मध्ये ऑरेगन राज्यात एका नवजात बाळाला ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस’ या जिवाणूचा रक्तसंसर्ग झाला. उपचारानंतर घरी गेलेले बाळ काही दिवसांत पुन्हा आजारी पडले. आई वारेच्या कॅप्सूल घेत होती आणि त्यांत तोच जिवाणू सापडला. घरातल्या दुसऱ्या कोणाकडून संसर्ग झाल्याची शक्यता तपासकर्त्यांनी पूर्णपणे नाकारली नाही. पण अशा कॅप्सूल तयार करताना जंतू मरतीलच असे कोणतेही ठरलेले प्रमाण नाही, त्यामुळे त्या टाळाव्यात, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१७ मध्ये सांगितले.

(२०)
मग सुशिक्षित स्त्रिया त्या का घेतात? अंधश्रद्धा म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण अमेरिकेत दर आठ मातांपैकी सुमारे एकीला प्रसूतीनंतर नैराश्याची लक्षणे जाणवतात. तेथे देशपातळीवर पगारी बाळंतपणाच्या रजेचा कायदा नाही. १९९३ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी आणि लहान आस्थापनांतील स्त्रियांना तो लागूच नाही. जिला विश्रांती नाही, सोबत नाही, तिला कॅप्सूलमध्ये निदान एक आश्वासन मिळते.

(२१)
भारतही आता त्याच वळणावर आहे. १९९२-९३ मध्ये देशातील जेमतेम पाव बाळंतपणे आरोग्यसंस्थांत होत, २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्के झाले. यामुळे असंख्य जीव वाचले. रुग्णालयात वार आता जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते, २०१६ चे नियम तसे सांगतात. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा बारावरून सव्वीस आठवड्यांवर गेली. पण शेतमजूर, ऊसतोड कामगार, घरकाम करणाऱ्या बायका यांच्यापर्यंत ती प्रत्यक्षात पोहोचत नाही. शहरातल्या छोट्या घरात सव्वा महिना सांभाळायला माणूस मिळेलच, याचीही खात्री नाही.

(२२)
इतिहासाची साक्ष अशी आहे. बहुतेक समाजांनी वार मातीला, पाण्याला किंवा अग्नीला दिली आणि आईला विश्रांती, ऊब, अन्न आणि माणसे दिली. त्या रीतींत घातक गोष्टी होत्या, आधुनिक वैद्यकाने त्या योग्यच दूर केल्या. पण त्याबरोबर काळजीचे दिवसही गेले. ती पोकळी भरून काढण्याचे वचन बाजार आता कॅप्सूलमधून देतो आणि त्यावर प्राचीनतेची मोहोर उमटवतो. कोणत्याही परंपरेचे वय विचारताना एक प्रश्न म्हणून जोडीने विचारला पाहिजे : तिच्यात आईसाठी प्रत्यक्ष कोण, किती दिवस राबत होते? त्या प्रश्नाचे उत्तर वारेच्या भुकटीत सापडणार नाही.