धने : औषधातले आणि सुगंधातले

कोथिंबीर आणि धने ही एकाच वनस्पतीची दोन रूपे. हिरवा पाला म्हणजे कोथिंबीर, तर पिकून वाळलेले फळ म्हणजे धने. संस्कृतमध्ये त्याला धान्यक किंवा कुस्तुंबरू म्हणतात. १९२२ मध्ये उघडलेल्या तुतानखामेनच्या थडग्यातही धने आढळले होते.

आयुर्वेदाने धन्यांना दीपन, पाचन आणि मूत्रल मानले आहे. मसाल्याचा पदार्थ असूनही तहान व दाह शमविण्यासाठी त्यांची योजना होते, हे त्यांचे वैशिष्ट्य. यासाठी धान्यक हिम करतात. एक भाग भरडलेले धने सहा भाग पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी पाणी गाळून खडीसाखर घालून घ्यावे. उन्हाळी लागल्यास हे पाणी पूर्वापार दिले जाते. मधुमेहींनी मात्र साखर टाळावी. धने, सुंठ, नागरमोथा, वाळा आणि बेलफळ यांचा धान्यपंचक काढा अपचनातून होणाऱ्या अतिसारावर वैद्य देतात.

धन्यांचा सुगंध त्यातील बाष्पनशील तेलामुळे येतो. पिकलेल्या फळांतून वाफेच्या ऊर्ध्वपातनाने हे तेल काढतात. त्यात सुमारे ६० ते ८० टक्के लिनालूल असते. कोथिंबिरीचा वास वेगळा, कारण पाल्यात अल्डिहाइड द्रव्ये अधिक असतात. काहींना तो साबणासारखा लागतो, तो याचमुळे.

फ्रेंच रसायनतज्ज्ञ रेने-मॉरिस गातफोसे यांच्या १९३७ च्या ग्रंथामुळे ‘अरोमाथेरपी’ हा शब्द रूढ झाला. या पद्धतीत पोटातील वात, स्नायूंचा ताठरपणा व मानसिक थकवा यांसाठी धन्याचे तेल मसाजात वापरतात. ते तसेच अंगाला लावू नये. तीळ वा खोबरेल तेलाच्या दोन चमच्यांत (सुमारे १० मिलि) चार-पाच थेंब पुरेसे होतात. बाटली घट्ट बंद ठेवावी; हवा लागून जुने झालेले तेल त्वचेला त्रासदायक ठरू शकते. हे तेल पोटात घेऊ नये.

धन्यांमुळे रक्तातील साखर कमी होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणून मधुमेहाच्या गोळ्या बंद करून धन्याच्या पाण्यावर विसंबणे धोक्याचे आहे. लहान मुलांच्या जुलाबातही जलसंजीवनी व डॉक्टरांचा सल्ला आधी, काढा नंतर. डोळ्यांची जळजळ थांबविण्यासाठी घरी केलेले धन्याचे पाणी डोळ्यांत घालण्याची प्रथाही टाळावी. ते निर्जंतुक नसते. स्वयंपाकातील प्रमाणात धने निर्धोक आहेत; औषध म्हणून घेताना गर्भवती स्त्रियांनी वैद्यांना विचारावे.