नगर जिल्ह्यात सेडान चालते का? चालकाच्या सीटवरून समजून घ्या

नवी गाडी घ्यायची ठरली की घरात कोणीतरी विचारतंच, "सेडान चांगली आहे, पण खाली घासणार नाही ना?" अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न चुकीचा नाही. १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा राज्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा. इथे एकाच दिवसात समृद्धी महामार्ग, घाट, गावातले गतिरोधक आणि वस्तीवरचा कच्चा रस्ता असं सगळं लागू शकतं. अशा ठिकाणी मध्यम आकाराची सेडान चालवताना नेमका काय अनुभव येतो?

मध्यम सेडान म्हणजे कोणती गाडी?

पुढे इंजिन, मध्ये माणसं आणि मागे वेगळी, बंद डिकी अशी रचना असलेली गाडी म्हणजे सेडान. होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या मध्यम गटातल्या गाड्या. शेवटच्या दोन तर शेजारच्या पुणे जिल्ह्यात, चाकणला तयार होतात. या गाड्यांची लांबी साडेचार मीटरच्या आसपास असते आणि डिकी ५०० लिटरहून मोठी. लग्नाला निघालेल्या पाच जणांच्या बॅगा त्यात आरामात बसतात.

लांबीचा संबंध कराशीही आहे. ४ मीटरपर्यंतच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी लागतो. मध्यम सेडान त्या मापात बसत नाही, म्हणून तिच्यावर ४० टक्के.

गाडी खरंच घासते का?

इथे थोडं गणित आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. या गाड्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये साधारण २.६ मीटर अंतर असतं. म्हणजे नियमात बसणाऱ्या गतिरोधकावर दोन्ही चाकं एकाच वेळी चढलेली असतात आणि गाडीच्या पोटाखाली उंचवटा जेमतेम ५ सेंटिमीटर येतो. सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर, स्लाव्हिया आणि व्हर्टसचा १७९. त्यामुळे घासण्याचा प्रश्नच येत नाही.

अडचण होते ती लोकांनी मनाने टाकलेल्या अरुंद, उंच गतिरोधकावर. तो पूर्णपणे दोन चाकांच्या मध्ये येतो. उंची १५ सेंटिमीटर असेल तर वाचतात एक-दोन-तीन सेंटिमीटर. त्यात पाच माणसं आणि भरलेली डिकी असली की स्प्रिंग दबतात आणि तेवढीही जागा राहत नाही. म्हणून सवयीचे चालक दोन गोष्टी करतात. ब्रेक गतिरोधकाच्या आधीच लावून चढताना सोडतात, कारण ब्रेक दाबलेला असला की गाडीचं नाक खाली जातं. आणि रस्ता मोकळा असेल तर गाडी थोडी तिरकी घेतात.

घाटात आणि समृद्धीवर

इथे मात्र गाडी बुटकी असण्याचा फायदा होतो. पुणे-नाशिक रस्त्यावरचा चंदनापुरी घाट किंवा पाथर्डीकडे जाताना लागणारा करंजी घाट घेऊन बघा. वजन जमिनीजवळ असल्यामुळे वळणावर सेडान कमी कलते. चालकाचा स्टिअरिंगवरचा विश्वास वाढतो, मागे बसलेली मंडळीही कमी हेलकावतात.

समृद्धी महामार्ग जिल्ह्यात कोपरगाव तालुक्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुले झाले. सपाट भागात कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. ८० वरून १२० वर गेलं की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. सेडान उंचीला कमी असल्याने हवा तिला कमी अडवते. याचा परिणाम पेट्रोलच्या खर्चात दिसतो. पण गाडी शांत धावते म्हणून वेग जाणवत नाही, हाच धोका आहे. ६० च्या तुलनेत १२० च्या वेगात ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला साधारण चौपट अंतर लागतं.

उसाच्या ट्रॉलीमागे

गळीत हंगामात सेडानची दुसरी बाजू कळते. चालक खाली बसलेला असतो, त्यामुळे उसाने भरलेल्या ट्रॉलीच्या पुढचं काही दिसत नाही. अंतर ठेवून मागे राहणं हाच उपाय. रात्री तर आणखीच, कारण अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो.

ओव्हरटेक करताना इंजिनचा स्वभावही कळतो. व्हर्टसचं १ लिटर टर्बो इंजिन १७८ न्यूटन मीटरची ओढ १,७५० आरपीएमपासूनच देतं. सिटीचं दीड लिटरचं साधं पेट्रोल इंजिन १४५ न्यूटन मीटर देतं, तेही ४,३०० आरपीएमला. म्हणजे भरल्या गाडीत सिटीचा गिअर खाली टाकावा लागतो. शांत चालवणाऱ्याला त्याने फरक पडत नाही.

मग घ्यावी का?

रोजचा प्रवास डांबरी रस्त्याचा, महिन्यातून दोनदा पुणे किंवा नाशिक, असं असेल तर सेडान चालकाला आवडते. घर वस्तीवर असेल आणि पावसाळ्यात रस्त्यावर चाकोऱ्या पडत असतील, तर दोनदा विचार करावा. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना खालच्या सीटवरून उठता येतं का, हेही बघावं.

नव्या मॉडेलला विक्रीआधी केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चाचणी द्यावी लागते. अशी चाचणी करणाऱ्या मान्य संस्थांपैकी एक, व्हीआरडीई, नगरलाच आहे. पण तुमच्या गल्लीतला गतिरोधक कोणत्याच चाचणीत नसतो. म्हणून टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती नको. घरातली पाचही माणसं बसवून गाडी आपल्या रस्त्यावर न्या आणि मगच बुकिंग करा.