सिमला बीट संकलने

सिमला बीट संकलने : भारतातील प्रारंभीच्या रॉक वाद्यवृंदांच्या गीतांचे संकलन असलेल्या दोन दीर्घ ध्वनिमुद्रिका. त्या ‘सिमला बीट ७०’ व ‘सिमला बीट ७१’ या नावांनी अनुक्रमे १९७० व १९७१ मध्ये निघाल्या. ‘सिमला’ या सिगारेटच्या जाहिरातीसाठी इंपीरिअल टोबॅको कंपनीने भरविलेल्या अखिल भारतीय स्पर्धेतील निवडक वाद्यवृंदांची गीते त्यांत आहेत. स्पर्धेचा अंतिम सोहळा मुंबईतील किंग्ज सर्कलजवळच्या षण्मुखानंद सभागृहात होत असे. पुढे या कंपनीचे नाव १९७० मध्ये इंडिया टोबॅको कंपनी आणि १९७४ मध्ये आय. टी. सी. लिमिटेड असे झाले.

पार्श्वभूमी : पाश्चात्त्य नृत्यसंगीत व जॅझ यांची परंपरा मुंबईत दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासून रुजलेली होती. हॉटेलांतील वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा असे आणि त्यांपैकी अनेक जण हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही वाजवीत. १९६० नंतरच्या दशकात ‘शॅडोज’ व ‘बीटल्स’ या ब्रिटिश वाद्यवृंदांच्या प्रभावाने महाविद्यालयीन तरुणांनी दोन-तीन विद्युत् गिटारी व ढोलसंच यांवर आधारलेले छोटे ताफे काढले. त्यांना ‘बीट ग्रूप’ म्हणत. नवी गाणी त्यांच्यापर्यंत मुख्यतः रेडिओ सिलोन आणि परदेशातून येणाऱ्या मोजक्या तबकड्या यांच्याद्वारे पोहोचत. कोलकात्याहून १९६७ ते १९७७ या काळात निघणाऱ्या ‘ज्युनिअर स्टेट्समन’ या साप्ताहिकाने त्यांच्या बातम्या देशभर पोहोचविल्या.

या ताफ्यांपुढील अडचणी मुख्यतः साधनांच्या होत्या. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी गिटारी व ध्वनिवर्धक दुर्मिळ आणि महाग असत. म्हणून देशी बनावटीच्या किंवा हाताने जुळविलेल्या साधनांवर भागवावे लागे. ध्वनिमुद्रणाची अडचण त्याहूनही मोठी होती. तबकड्यांच्या व्यवसायावर ग्रामोफोन कंपनीचे दीर्घकाळ वर्चस्व होते आणि तिची बाजारपेठ चित्रपटसंगीत, शास्त्रीय संगीत व भावगीते यांची होती. इंग्रजीत गाणाऱ्या हौशी तरुणांसाठी स्वतंत्र दीर्घ ध्वनिमुद्रिका काढणे तिला किफायतशीर वाटणे कठीण होते. ही उणीव जाहिरातीच्या पैशाने अंशतः भरून काढली.

स्वरूप व आशय : दोन्ही ध्वनिमुद्रिकांतील वाद्यवृंद देशाच्या निरनिराळ्या भागांतील आहेत. शिलाँगचा ‘फेंटोन्स’, मद्रासचा ‘कन्फ्यूजन्स’ आणि कोलकात्याचा ‘ग्रेट बेअर’ ही त्यांतील काही प्रमुख नावे होत. ‘फेंटोन्स’ने सिमला बीटची विषयधून वाजविली आहे, तर ‘कन्फ्यूजन्स’चे ‘व्हॉइस फ्रॉम द इनर सोल’ हे गीत या संकलनांतील विशेष उल्लेखनीय रचनांपैकी एक मानले जाते. काही वाद्यवृंदांनी परकीय गीतेच गायिली आहेत, उदा., ‘डायनोसॉर्स’ने ‘सिनिस्टर पर्पज’ हे ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ या अमेरिकन वाद्यवृंदाचे गीत निवडले. अनुकरण व स्वतंत्र रचना अशा दोन्ही वृत्ती येथे शेजारीशेजारी आढळतात. ध्वनीची प्रत साधी आहे; तथापि विद्युत् गिटारीचा मुद्दाम विस्कटलेला, खरखरीत स्वर तत्कालीन ‘सायकेडेलिक’ शैलीशी असलेले नाते स्पष्ट करतो.

ऐतिहासिक महत्त्व : या दोन तबकड्या नसत्या, तर त्यांतील अनेक ताफ्यांचा आवाज आज ऐकू आला नसता. शिक्षण संपताच वादक नोकरी-व्यवसायात शिरत आणि ताफे विसर्जित होत. संकलनाने त्यांची स्मृती राखली. पण त्यांना पुढचा मार्ग दिला नाही. याच्या उलट उदाहरण स्कँडिनेव्हियातील आहे. स्वीडन व फिनलंडमधील वाद्यवृंदांचे ‘स्कँडिनेव्हियन मेटल अटॅक’ हे संकलन टायफन या स्वीडिश संस्थेने १९८४ मध्ये काढले. त्यात १९८३ मध्ये स्टॉकहोम येथे स्थापन झालेल्या ‘बॅथरी’ या अपरिचित वाद्यवृंदाची दोन गीते होती. श्रोत्यांची पत्रे प्रामुख्याने त्याच्याविषयीच आल्याने त्याच वर्षी त्याची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली आणि ‘ब्लॅक मेटल’ या शैलीचा पाया घातला गेला. तेथे संकलन हा आरंभ ठरला. भारतात ते बहुतेकांच्या बाबतीत अखेरचे पान ठरले. गुणवत्तेपेक्षा प्रकाशनसंस्थेची दृष्टी हे या फरकाचे मुख्य कारण दिसते. टायफनचा व्यवसाय संगीताचा होता, तर सिमला बीटच्या पुरस्कर्त्यांचा सिगारेटचा.

तथापि त्या पिढीचे संस्कार अन्य वाटांनी टिकले. मुंबईच्या ‘व्हेल्व्हेट फॉग’ या वाद्यवृंदात गायिलेले नंदू भेंडे हे मराठी रंगभूमीवरील नट आत्माराम भेंडे यांचे पुत्र. पु. ल. देशपांडे यांनी रूपांतरित केलेल्या व जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) या नाटकात त्यांनी भूमिका केली आणि त्याच्या संगीतातही त्यांचा वाटा होता. पाश्चात्त्य रॉकचा ठेका मराठी नाटकात आणणाऱ्या प्रारंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. पुढे मुंबईत ‘रॉक मशीन’ (१९८४) हा वाद्यवृंद, ‘इंडिपेंडन्स रॉक’ (१९८६) हा महोत्सव आणि २००० मध्ये ‘ब्लॅक मेटल’चा प्रभाव असलेला ‘डीमॉनिक रेझरेक्शन’ हा वाद्यवृंद उदयास आला.

षण्मुखानंद सभागृह १९९० मध्ये आगीत जळाले व १९९८ मध्ये पुन्हा सुरू झाले. तंबाखूच्या जाहिराती व पुरस्कृत कार्यक्रम यांवर २००३ च्या कायद्याने बंदी आली. त्यामुळे सिमला बीटसारखी स्पर्धा आता भरविता येत नाही. मूळ तबकड्या संग्राहकांकडेच आढळतात. मात्र त्यांचे परदेशात पुनर्मुद्रण झाल्याने त्यांतील संगीत अभ्यासकांना उपलब्ध झाले आहे.