साजगावची यात्रा व सुक्या मासळीचा गृहव्यवसाय

कोंकण व देश यांच्या संबंधाचा इतिहास लिहितांना घाटांतील किल्ले, जकाती व स्वाऱ्या यांचा विचार पुष्कळ झाला आहे. त्याच वाटांनीं चाललेल्या लहान कुटुंबांच्या व्यापाराकडे मात्र लक्ष क्वचितच जातें. खालापूर तालुक्यांतील साजगावची यात्रा ह्या दृष्टीनें विचारार्ह आहे. साजगावानजीक ताकई येथील विठोबाचें देवस्थान ‘धाकटी पंढरी’ म्हणून प्रसिद्ध असून कार्तिकी एकादशीपासून तेथें यात्रा भरते. तींत सुक्या मासळीचा मोठा बाजार असल्यामुळें लोक ह्या देवास ‘बोंबल्या विठोबा’ असेंही म्हणतात. वारकऱ्यांच्या दैवतास मासळीचें नांव कां पडावें, ह्याचें उत्तर भूगोलांत व पंचांगांत शोधिलें पाहिजे.

हें स्थळ बोरघाटाच्या पायथ्याशीं आहे. घाटांतून गाड्यांचा रस्ता १८३० सालीं झाला, व रेल्वे १८६३ सालीं घाट चढली. तत्पूर्वीं माल बैलांच्या पाठीवरून जाई. ओली मासळी इतका प्रवास सहन करणारी नव्हे. बोंबलांत तर बहुतांश पाणीच असतें. तें उन्हावाऱ्यानें काढून टाकिलें कीं ओझें हलकें होतें व माल कित्येक महिने टिकतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टांगावयाचे, एवढीच ह्या कृतीची सामग्री. सरपण नाहीं कीं भट्टी नाहीं.

कालाचाही मेळ तसाच आहे. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यास ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हां समुद्रांत जातात, आणि स्वच्छ उन्हांत वाळलेला नवा माल कार्तिकांत बाजारास येतो. पुरुषांनीं मासे आणावे, स्त्रियांनीं ते वाळवावे व विकावे, अशी कोळी घरांतील श्रमविभागणी आहे.

तुकाराम महाराज मिरची विकावयास येथें येत, अशी परंपरा आहे. ती परंपरा होय, लेखी प्रमाण नव्हे, हा भेद राखलाच पाहिजे. तथापि देहूच्या ह्या घराण्यांत महाजनकी व वाणीपणा होता, आणि आपल्या वांट्याचीं कर्जखतें त्यांनीं इंद्रायणींत सोडिलीं, असें चरित्रकार सांगतात. तेव्हां घाट उतरून येणारा वाणी ही कल्पना असंभाव्य नाहीं.

एवढ्यावरून ह्या कुटुंबांस बुद्धिपुरस्सर संयमाचें श्रेय देणें मात्र युक्त नव्हे. बोंबील धरण्याचें डोल जाळें भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतें खरें. परंतु त्याच्या शेवटच्या भागाची वीण बारीक असल्यानें लहान पिलेंही त्यांत सांपडतात. समुद्रास जी विश्रांति मिळे ती मुख्यतः पावसाळ्यामुळें, जाळ्यामुळें नव्हे. यांत्रिक नौकांनीं ती मर्यादा ढिली केल्यावर तीच विश्रांति कायद्यानें द्यावी लागली. महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी तेंच कार्य करिते.

तात्पर्य, हा व्यवसाय ऋतु, ऊन आणि घरचे हात यांच्या मर्यादेंत राहिला म्हणून टिकला. त्याचा हिशेब दरबारी दप्तरांत सांपडणार नाहीं. तो जुन्या वह्यांत व विकणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या स्मरणांत आहे. वह्यांस वाळवी लागते आणि स्मरण माणसाबरोबर जातें. म्हणून तो टिपून घेण्याचें काम संशोधकांनीं पुढील कार्तिकावर टाकूं नये.