निर्मला पटवर्धन : झिलईच्या शास्त्राचा वारसा

प्रस्तावना
महाराष्ट्रातील कुंभारकामाचा विचार प्रामुख्याने बलुतेदारीच्या संदर्भात होतो. पात्राची कल्पना, घडण, झिलई आणि भाजणी ही सर्व कामे एकाच कलावंताने करावयाची, ही स्टुडिओ मृत्पात्रकला विसाव्या शतकात येथे रुजली. तिच्या इतिहासात निर्मला पटवर्धन यांचे स्थान काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जडणघडण
निर्मलाबाईंचा जन्म सिंधमधील हैदराबादचा. कलाशिक्षण शांतिनिकेतनात झाले. १९४७ च्या फाळणीने त्यांचे जन्मगाव सीमेपलीकडे गेले. विवाहाने त्या अहमदनगरच्या पटवर्धन घराण्यात आल्या. स्वातंत्र्यसैनिक रावसाहेब व अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे दीर होत. माहितीपटकार आनंद पटवर्धन (जन्म १९५०) हे त्यांचे पुत्र. त्यांच्या २०२३ च्या ‘वसुधैव कुटुंबकम्’ या चित्रपटात आईवडिलांचे चित्रण आहे.

झिलईचा अभ्यास
निर्मलाबाईंची ख्याती उच्च तापमानाच्या झिलईमुळे झाली. स्टोनवेअरची भाजणी साधारणतः १२५० ते १३०० अंश सेल्सिअसला होते. येथे रंग केवळ द्रव्यावर ठरत नाही. भट्टीत प्राणवायू मुबलक असता तांबे हिरवा रंग देते. प्राणवायू कमी करून क्षपण साधल्यास तेच तांबे लाल होते. एक-दोन टक्के लोह-ऑक्साइड क्षपणात सेलाडॉनची निळसर हिरवी छटा देते. त्यातच पाश्चात्त्य पुस्तकांतील सूत्रे त्या देशांतील खनिजांवर बेतलेली. येथील फेल्स्पार, चिनी माती वा गारगोटीचे घटक निराळे असल्याने सूत्र नव्याने मांडून, नमुने भाजून पारखावे लागते.

ग्रंथकार्य
झिलईची सूत्रे गुप्त राखण्याची प्रवृत्ती अनेक कारागीर परंपरांत आढळते. त्यामुळे एका पिढीने कमावलेले ज्ञान तिच्याबरोबरच लोपण्याचा धोका असतो. निर्मलाबाईंनी मात्र आपला अनुभव १९८४ मध्ये ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ या इंग्रजी ग्रंथातून सर्वांसाठी खुला केला. पुढे त्याची ‘न्यू हँडबुक फॉर पॉटर्स’ ही नवी आवृत्तीही निघाली.

समारोप
थोर स्वातंत्र्यसैनिकांच्या भावजय किंवा नामवंत दिग्दर्शकाच्या आई एवढीच निर्मलाबाईंची ओळख अपुरी ठरते. पात्र फुटते, संग्रह विखुरतात. परंतु लिहून ठेवलेले सूत्र दुसऱ्या भट्टीत पुन्हा पारखता येते. म्हणूनच त्यांच्या कलाकृतींइतकेच त्यांचे ग्रंथकार्यही कलेतिहासाच्या अभ्यासाचा विषय व्हावयास हवे.