डीडीटीचा धाकटा भाऊ

ठाण्यात ‘कोळी’ म्हटले की चेंदणी कोळीवाडा आठवतो. कल्याणच्या बाजारात भेंडी पाठवणाऱ्या मुरबाडच्या शेतकऱ्याला मात्र पानामागचा लाल कोळी आठवतो. हा आठ पायांचा जीव कीटक नव्हे, कोळ्यांच्या कुळातला. म्हणून त्याच्यावर कीटकनाशक नव्हे, ‘कोळीनाशक’ लागते. या वेगळ्या औषधाची गरज का पडली, तो इतिहास मला महत्त्वाचा वाटतो.

पॉल म्युलर यांनी 1939 मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण ओळखला. 1948 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण डीडीटीने लाल कोळी फारसा मरत नसे. मरत ते त्याला खाणारे कीटक. त्यामुळे फवारलेल्या बागांतच कोळी माजला. त्यावर 1950 च्या दशकात अमेरिकेत उपाय निघाला डायकोफॉल. कोळी मारणारे, कीटकांना बहुतांशी सोडून देणारे हे ‘निवडक’ औषध.

गंमत अशी, की डायकोफॉल बनवले जाई डीडीटीपासूनच. दोन्ही रेणूंत फरक जेमतेम एका ऑक्सिजनचा. तयार मालात थोडे डीडीटी उरेही. डायकोफॉल स्वतःही सहज विघटित होत नाही, प्राण्यांच्या चरबीत साठते.

आपल्याकडे मलेरियाविरोधी मोहिमेला डीडीटी पुरवण्यासाठी 1954 मध्ये सरकारी हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स स्थापन झाली. पुढे ती डायकोफॉलही बनवू लागली. 1989 मध्ये शेतीतून डीडीटी हद्दपार झाले. भेंडीवर, चहावर डायकोफॉल चालूच राहिले. स्टॉकहोम कराराने 2019 मध्ये त्याला बंदीच्या यादीत घातले. भारतात बंदीचा आदेश निघाला 2023 मध्ये. थोरल्याला घराबाहेर काढल्यावर धाकटा 34 वर्षे ओसरीवर बसून होता.

आज दुकानात नवी कोळीनाशके आहेत. त्यांतले स्पायरोमेसिफेन हे बायरचे. या कंपनीच्या शेती-औषध शाखेचे भारतातले मुख्यालय ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर आहे. ते कोळ्याच्या शरीरात चरबी तयार होऊ देत नाही, पण पांढऱ्या माशीलाही मारते.

‘निवडक’ या शब्दातून औषध फवारताना कोण मरेल एवढेच कळते. ते पुढे माती, पाणी आणि आपल्या ताटात किती काळ राहील, हा प्रश्न वेगळा. डायकोफॉलच्या बाबतीत त्याचे उत्तर रेणूच्या वंशावळीतच लिहिलेले होते. कायद्याने ते वाचायला उशीर केला.