विमानतळ-प्रवास : ठाणे व कल्याण-डोंबिवली

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीकरांचे जुने आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणजे मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ. जुन्या पिढीच्या तोंडी ते अजून ‘सहार’च. परदेशी उड्डाणे टर्मिनल २ वरून होतात. हे टर्मिनल २०१४ मध्ये सुरू झाले.

त्याच वर्षी ८ जूनला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो धावू लागली आणि लोकलने विमानतळ गाठणे सोपे झाले. घाटकोपरला उतरून पुलावरून मेट्रो, मग मरोळ नाका. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथून भुयारी मेट्रो ३ थेट टर्मिनल २ च्या स्थानकावर नेते. मरोळला उन्नत फलाटावरून जमिनीखाली जायचे असते. दोन मोठ्या बॅगा असतील तर लिफ्टच शोधावी.

खरी अडचण मेट्रोची नाही, लोकलची आहे. सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून सामानासह डब्यात शिरणे जवळपास अशक्य. अशा वेळी टॅक्सी बरी, पण रस्त्यावरच्या कोंडीसाठी भरपूर वेळ हाताशी हवा. पहाटेच्या विमानाला रात्रीच निघणारी कुटुंबे म्हणूनच शहाणी.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. कल्याण-डोंबिवलीकरांना शिळफाटा-तळोजामार्गे तिकडे जाता येते.

आता दोन विमानतळ असल्याने निघण्यापूर्वी तिकिटावरचा संकेत पाहावा : ‘बीओएम’ म्हणजे मुंबई, ‘एनएमआय’ म्हणजे नवी मुंबई.